उरलेला डोंगर

शिखर शिंगणापूरचा, महादेवाच्या देवळाचा डोंगर कुणी आणून ठेवलेला नाही. तो उरला आहे. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर पसरले, तेव्हा अख्खा माणदेश निदान त्या माथ्याइतका तरी उंच होता. बाकीचं वाहून गेलं. बेसॉल्टचा कठीण थर टिकतो, त्याखालचा सच्छिद्र, ठिसूळ थर आधी झिजतो, मग आधार सुटून वरचा कडा कोसळतो. म्हणून इथले डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे आणि माथ्यावर सपाट. माणगंगा तो गाळ भीमेत टाकते, भीमा कृष्णेत, आणि आमची जमीन बंगालच्या उपसागरात जाऊन पडते.

माण तालुक्यातल्या पोरांना हे शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली. घरी आत्याला सांगितलं, तेव्हा तिनं एवढंच विचारलं, "मग म्हादेव तवा कुठं हुता?"

सोपं उत्तर तयार असतं: महादेव संहाराचा देव, झीज हे त्याचंच काम, म्हणजे पुराणाला सगळं आधीच ठाऊक होतं. मला हे पटत नाही. पावसाच्या थेंबाला हेतू नसतो. कुठला खडक ठेवायचा हे कुणी ठरवलं नाही. ज्यात भेगा कमी, तो राहिला. पण जे आहे ते कुणीतरी रचलेलंच असणार, हा हट्टही मला तितकाच खटकतो. इथे रचलेलं वाहून गेलं, आणि त्या जाण्यातूनच आकार आला.

तेही पाण्यानं, जे आमच्याकडे नाही! महाबळेश्वरला साडेपाच हजार मिलिमीटर पाऊस, सह्याद्रीच्या आडोशाला आम्हाला जेमतेम पाचशे. पण माळ उघडा, गवत विरळ. वळवाची एक सर आली की ओघळीओघळीतून माती निघते. आणि चैत्रात लोक मुंगी घाटाच्या उभ्या चढानं, एकमेकांना हात देत, पाण्याच्या कावडी वर नेतात. ज्यानं डोंगर कापला तेच पाणी उलटं चढवून पिंडीवर घालायचं. त्यातलं कुणी सृष्टीचा हेतू विचारत नाही. हेतूवाचून भक्ती होत नाही, हे काही तत्त्वज्ञांनी गृहीत धरलंय. घाटात ते दिसत नाही.

आत्याला मी म्हणालो, म्हादेव तेव्हा नव्हता, माणसं आली तेव्हा आला. ती चिडली नाही.

"आन् डोंगर सरल्यावर?"

तो सरणारच, देऊळ त्याच्या फार आधी. एवढं मी सांगितलं. त्या चैत्रात तिच्या कावडीला खांदाही दिला, मत न बदलता.