अमावास्येची साक्ष

“अरे, अमावास्येला लोक दिवे लावतात, नि तू अंधार शोधतोस!” गॅमा किरणांवर प्रबंध लिहीत होतो, तेव्हा आई म्हणे. हा किरण वातावरणावर आदळला की कणांचा सडा पडतो, अन् काही अब्जांश सेकंद निळसर चमक उमटते. ती चांदण्यात हरवते. शिवाय शेकडो चमकांत गॅमा किरणाची एखादीच.

नोंदी पाहून निकष जरासा सरकवला असता, तर माझ्या दीर्घिकेचीही ‘खूण’ दिसली असती. कोणाला कळणार होते? पण तिच्यावर विसंबून दुसऱ्या कोणी आपल्या रात्री वेचल्या असत्या. अमेरिकेतील व्हिपल वेधशाळेची दुर्बीण १९६८ साली उभी राहिली. क्रॅब तेजोमेघाची निःसंशय खूण जाहीर झाली १९८९ साली. तो धीर आठवून मी लिहिले, ‘आढळले नाही.’ अंधाराला अंधार म्हणणे, हीही एक पणतीच नव्हे काय?