हुसेन खानचे दहा आणे

ऑगस्ट १८९७ मध्ये सिकंदराबादेत हुसेन खान नावाच्या हिवतापाच्या एका रुग्णाने आपल्या अंगावर डास चावून घेतले. डासामागे एक आणा असा दर होता. दहा डास चावले, दहा आणे मिळाले. देणारे होते लष्करी डॉक्टर रोनाल्ड रॉस. २० ऑगस्टला त्यांतल्या एका डासाच्या पोटाच्या भिंतीत रॉसना काळे कण असलेल्या पेशी दिसल्या आणि हिवतापाचे कोडे सुटू लागले. १९०२ मध्ये रॉसना नोबेल पारितोषिक मिळाले. हुसेन खानच्या नावे इतिहासात जमा आहेत ते दहा आणे.

हा व्यवहार आम्हांला अधूनमधून आठवतो. तो अगदीच अन्यायाचा होता असे आम्ही म्हणणार नाही. हुसेन खान आधीच आजारी होता, आणखी दहा डास चावल्याने त्याचे फारसे बिघडणार नव्हते. गोऱ्या साहेबापुढे गरीब रुग्णाची रजामंदी कितपत मोकळी असते, हा प्रश्न आहेच. पण निदान त्याला हात मागे घेता आला असता.

त्याआधी दोन वर्षे रॉस डास फाडून पाहत होते आणि हाती काही लागत नव्हते, कारण डासच चुकीचे होते. माणसाचा हिवताप वाढतो तो फक्त ॲनोफिलीस गटातल्या डासांत. बाकीचे डास तेच रक्त पितात, पण परजीवी त्यांच्या पोटात टिकत नाही. पुढे कळले की ॲनोफिलीसच्या एकाच जातीतही सगळे डास सारखे नसतात आणि हा फरक आईबापांकडून पिलांकडे जातो. १९८६ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी आफ्रिकेतल्या ॲनोफिलीस गॅम्बी डासांची निवड करत करत एक पैदास तयार केली. तिच्या अंगात शिरलेल्या परजीवीभोवती काळे कवच चढे आणि तो तिथेच मरे. बाहेरून काही घातले नव्हते. रोगाला दार बंद करण्याचा गुण त्या जातीतच कुठेतरी होता. माणसाने फक्त तो वेचून काढला.

इथपर्यंत सारे ठीक वाटते. शेतकरीही बियाणे वेचतोच. पण वेचलेला गुण रानातल्या कोट्यवधी डासांत पसरवायचा कसा? साधारणपणे कोणतेही जनुक निम्म्या पिलांकडे जाते, आणि डासाला त्याचा फायदा नसेल तर गर्दीत हरवते. ‘जीन ड्राइव्ह’ नावाच्या तंत्राने ते जवळजवळ सगळ्या पिलांकडे जाते. २०१८ मध्ये लंडनच्या संशोधकांनी या तंत्राने माद्यांना वांझ करून पिंजऱ्यातली डासांची वस्ती काही पिढ्यांत संपवून दाखविली. २०२५ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी निराळी वाट दाखविली. परजीवीला डासाचे आतडे ओलांडायला एक प्रथिन मदत करते. ॲनोफिलीस स्टेफेन्सी या डासात त्या प्रथिनातले एकच अमिनो आम्ल त्यांनी बदलले. डास जगतो, चावतो, अंडी घालतो. पण हिवताप फारसा पुढे नेत नाही. हा बदललेला गुण सुरुवातीला पिंजऱ्यातल्या पाव हिश्श्यात होता, तो दहा पिढ्यांत नव्वद टक्क्यांच्या वर गेला. डासांच्या दहा पिढ्या म्हणजे काही महिने.

मारण्यापेक्षा बदलणे आम्हांला बरे वाटते. डासाविषयी माया आहे असे नाही. रात्री कानाशी गुणगुणला की आमचाही हात उठतो. पण एक अख्खी जात पुसून टाकण्याचा हक्क आपल्याला आहे, असे म्हणायला जीभ वळत नाही. मात्र बदलण्यातही एक गोम आहे. मुंबईत १९११ मध्ये डॉ. बेंटली यांच्या अहवालाने हिवतापासाठी विहिरींकडे बोट दाखविले आणि विहिरी बुजविण्याला पारशी समाजातून धार्मिक कारणांनी विरोध झाला. ते भांडण तरी विहिरीचे होते. बुजवलेली विहीर पुन्हा उपसता येते. सोडलेला डास परत बोलावता येत नाही, आणि तो गावाची शीव ओळखत नाही.

मग हो म्हणायचे कोणी? पश्चिम आफ्रिकेत बुर्किना फासोतील बाना या गावी २०१९ मध्ये जनुक बदललेले काही हजार वांझ नर डास सोडले गेले. त्यांत जीन ड्राइव्ह नव्हता. त्याआधी काही वर्षे गावकऱ्यांशी बोलणी चालली होती. २०२५ च्या ऑगस्टमध्ये तिथल्या सरकारने हे काम थांबविले. सावधगिरी म्हणून आम्हांला तो निर्णय समजतो. पण एवढ्यावर सुटका होत नाही. २०२३ या एका वर्षात जगात हिवतापाने सुमारे ५ लाख ९७ हजार माणसे गेली. त्यांतली बहुतेक आफ्रिकेतली, आणि आफ्रिकेत गेलेल्यांत दर चारांतली तीन पाच वर्षांखालची बालके. आजचा डास चावायलाही त्या बालकांची परवानगी कोणी घेतली नव्हती. थांबा म्हणणाऱ्याने हा हिशेब समोर ठेवूनच थांबा म्हणावे. आणि पुढे चला म्हणणाऱ्याने, हात मागे घेण्याची सोय कोणालाच उरणार नाही, हे गावाला साध्या भाषेत सांगावे. गाव नाही म्हणाले तर, आमच्या मते, तिथे थांबावे लागेल. मग ते नाही आपल्याला कितीही चुकीचे वाटो.

हे लिहिणे सोपे आहे, कारण बाना दूर आहे. पण २०२५ मध्ये ज्याचे जनुक बदलले तो स्टेफेन्सी तर आपल्या शहरांचा डास. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत वाढणारा. उद्या कोणी आमच्या सोसायटीला विचारायला आले तर? गेल्या वर्षी टाकीचे फुटके झाकण बदलायचे की नाही, यावर आमच्याकडे तीन सभा झाल्या. झाकण अजून तेच आहे.