आंधळी कोशिंबीर

रात्रीचे जेवण आटोपले की आमच्या धर्मगुरुनिवासाच्या ओसरीवर पाव तास एक खेळ चालतो. खेळणारे दोघेच. एक आम्ही आणि दुसरी लुसी नावाची, दोन्ही डोळ्यांनी आंधळी मांजर. एके रात्री धर्मग्रामातील एक सद्गृहस्थ वडिलांच्या पुण्यस्मरणाची मिस्सा सांगायला आले. पायरीवर उभे राहून त्यांनी सुतळीला बांधलेला कागदाचा बोळा, जमिनीवर बसलेले आम्ही आणि दबा धरून बसलेली लुसी असे ते सारे दृश्य पाहिले आणि अगदी सौम्यपणे विचारले, "फादर, घरभेटींना वेळ पुरत नाही म्हणता, मग हिला कसा पुरतो?"

प्रश्नात थट्टा नव्हती. आम्ही हसून वेळ मारून नेली, परंतु उत्तर द्यायचे राहून गेले ते मनाला टोचत राहिले. हा लेख म्हणजे त्या उधारीची फेड समजावी.

लुसी आमच्याकडे कशी आली ते सांगणे भाग आहे, कारण त्यात आमचाही दोष आहे. जुलैच्या झडीत ग्रोटोमागच्या अळवात ती वेदीसेवक मुलांना सापडली, तेव्हा जेमतेम महिन्याची असेल. दोन्ही डोळे पुवाने चिकटलेले. मांजराच्या पिलांना पडशासारखा एक विषाणूजन्य आजार होतो. त्यात डोळ्यावरच्या पारदर्शक पडद्याला जखम होते आणि ती चिघळली तर डोळा फुटतो. पशुवैद्यांनी तपासून मान हलवली. आठवडाभर आधी आणले असते तर कदाचित एक डोळा वाचला असता, असे ते म्हणाले. आता तो आठवडाभर सायंकाळच्या रोझरीच्या वेळी ग्रोटोमागून पिलाचे ओरडणे आमच्या कानांवर येतच होते. कुणाची तरी मांजर असेल, असे म्हणून आम्ही पुढचा 'नमो मरिया' सुरू करीत होतो. मुलांनी डोळ्यांच्या आश्रयदात्या संत लुसियाचे नाव तिला दिले. त्या संतिणीचा सण १३ डिसेंबरला येतो.

पशुवैद्यांनी निरोप देताना एक गोष्ट सांगितली. हिचे दुखणे संपले आहे. पोट भराल तर ही जगेल. पण हिला खेळवा. डोळस मांजराचे मन उडते पाखरू रमवते, भिंतीवरची पाल रमवते; हिच्याकरिता त्यांतले काहीच नाही. रिकामी राहिली तर कोपरा धरील, लठ्ठ होईल, स्वतःचेच अंग चाटून चाटून केस काढील.

खाऊ घालावे हे आम्हांला पटत होते. मुक्या जीवाची भूकतहान भागवणे हा धर्म आहे, हे आपल्या मातीत कुणाला शिकवावे लागत नाही. तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी संत एकनाथांनी कावडीतले गंगाजळ घातल्याची कथा आपण सर्वांनी शाळेत ऐकली आहे. पण खेळाची तहान? तीही आपण भागवायची असते काय?

तत्त्वचर्चा पुढे करू. आधी आमच्या फजितीची हकीकत. आम्ही प्रथम घुंगरू असलेला प्लॅस्टिकचा चेंडू आणला. लुसी त्याच्यामागे दोन झेपा गेली. मग चेंडू कपाटाखाली जाऊन थांबला, घुंगरू मुके झाले आणि तिच्या जगातून तो चेंडू नाहीसाच झाला. कान टवकारून ती कितीतरी वेळ उभी होती. डोळसाला थांबलेली वस्तू दिसत राहते. आंधळ्याला थांबलेली वस्तू म्हणजे नसलेली वस्तू. एवढी साधी गोष्ट ध्यानी यायला आम्हांला आठवडा लागला.

कागदाने ते काम केले. माणसाच्या कानाला सेकंदाला वीस हजार कंपनांपलीकडचा आवाज ऐकू येत नाही. मांजराचा कान साठ हजारांच्याही पुढे जातो. उंदराची बारीक चीची त्याच पट्टीत असते. चुरगळलेल्या कोऱ्या कागदाच्या किंवा वाळक्या पानांच्या सळसळीत अशा सूक्ष्म ध्वनींची खाण असते, त्यापुढे घुंगरू बोदे ठरते. जुन्या परिपत्रकांचे बोळे करून सुतळीला बांधायचे आणि चटईवरून थांबत थांबत ओढायचे. खोक्यात आंब्याची वाळकी पाने भरून त्यांत सुक्या जवळ्याची चिमूट लपवायची. खोकली नावाची रानटी वनस्पती पावसाळ्यात आपल्या कुंपणांपाशी माजते. तिचे मूळ उपटून ठेवले की मांजरे त्यावर वेड्यासारखी लोळतात, लुसीही लोळते. बाकी नियम थोडे आहेत. पाण्याचे भांडे, झोपायचे पोते आणि आमची खुर्ची यांची जागा बदलायची नाही, तिला उचलून भलत्याच जागी ठेवायचे नाही, आणि हात लावण्यापूर्वी तिचे नाव घ्यायचे.

आणि मिशा! सुतळीचे टोक मिशांना नुसते पुसटसे लागले की पंजा अचूक पडतो. वीतभर अंतराच्या आतली वस्तू डोळस मांजरालाही नीट दिसत नाही. झेप घेताना त्याच्या मिशा पुढे वळतात आणि शेवटची पकड स्पर्शाने होते. म्हणजे शिकारीच्या अखेरच्या क्षणी सगळीच मांजरे थोडीफार आंधळी असतात. लुसीला तो क्षण जरा लवकर सुरू होतो, इतकेच.

एका रविवारी मिस्सानंतर ओसरीवर हशा ऐकू आला. वेदीसेवक मुले लुसीभोवती रिंगण करून बसली होती. एकजण डावीकडे कागद वाजवी, लुसी झेपावे. तोवर कागद उचललेला असे आणि उजवीकडचा दुसरा वाजवी. ती रिकाम्या फरशीवर आपटत होती आणि मुले पोट धरून हसत होती. मुले दुष्ट नव्हती. यांच्यापैकीच एकाने तिला अळवातून शर्टात गुंडाळून आणले होते. "फादर, आम्ही हिच्याशी खेळतोय," असे त्यांनी आम्हांला उत्साहाने सांगितले.

आम्ही रागावलो नाही, कारण रागावण्याचा अधिकार आम्हांला आहे की नाही याचा निर्णय होईना. आम्ही तरी रात्री काय करीत होतो? खोटे भक्ष्य दाखवून तिला फसवीतच होतो. मुलांचा खेळ आणि आमचा खेळ यांत भेद असेल तर तो कोणता?

आपल्या लहानपणी अंगणात आंधळी कोशिंबीर रंगत असे. डोळ्यांवर फडका बांधायचा, टपल्या मारून पळायचे. त्या खेळात पाप नाही, कारण राज्य दर फेरीला बदलते आणि फडका केव्हाही सोडता येतो. पण संत लूकच्या शुभवर्तमानात हाच खेळ गुरुवारच्या रात्री एका बांधलेल्या माणसाशी खेळला गेला आहे. पहारेकऱ्यांनी प्रभूचे डोळे झाकले, त्याला मारले आणि कुणी मारले ते ओळखून दाखव म्हणाले. क्रूसाच्या वाटेवर आपण चाबूक आणि काट्यांचा मुकुट यांवर मनन करतो. या डोळे झाकण्यावर फारसे थांबत नाही. तेथे हसण्याचे एकमेव कारण हे होते की, त्याला दिसत नव्हते आणि त्यांना दिसत होते. आंधळ्याच्या वाटेत अडखळण ठेवू नये, ही लेवीयच्या ग्रंथातील आज्ञा आपण दगडधोंड्यांपुरती समजत आलो. रिकाम्या फरशीवर वाजवलेला कागद हीसुद्धा अडखळणच की!

तेव्हा आम्ही मुलांना एवढेच सांगितले की, जिथे आवाज तिथे वस्तू असली पाहिजे, आणि शेवटी ती तिच्या पंजात सापडली पाहिजे. हा नियम आम्ही स्वतःलाही त्याच दिवशी लावून घेतला. तोवर आमच्याही हातून सुतळी ऐनवेळी खेचली जाई. जिंकण्याची हौस पन्नाशीनंतरही सुटत नाही, आणि आंधळ्या मांजराला हरवणे मोठे सोपे असते.

आता त्या सद्गृहस्थांकडे वळू. त्यांच्या बाजूने प्रत्यक्ष ख्रिस्तसभा उभी आहे. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या धर्मशिक्षणग्रंथात प्राण्यांविषयी थोडे परिच्छेद आहेत. प्राण्यांना दया दाखवणे हे माणसाचे देणे आहे असे सांगताना तेथे संत फ्रान्सिस आणि संत फिलिप नेरी यांची आठवण दिली आहे. (या फिलिपबाबांनी राहती जागा सोडल्यावर तेथे राहिलेल्या मांजराला खाऊ घालण्यासाठी शिष्यांना पिटाळल्याचे सांगतात.) पण लगेच पुढे बजावले आहे की, माणसांचे दुःख निवारण्यासाठी लागणारा पैसा प्राण्यांवर उधळू नये आणि माणसांच्या हक्काची माया त्यांच्याकडे वळवू नये. पैशाचा हिशेब सोपा आहे, परिपत्रके रद्दीतली आणि जवळा चिमूटभर. मायेचा हिशेब अवघड. तो पाव तास पूर्वी टीव्हीसमोर जात होता, असे सांगून सुटता येईल, आणि ते खरेही आहे. पण ते उत्तर वकिलाचे झाले.

एक जुनी कथा आहे. पाचव्या शतकातील योहान कॅसियन यांनी ती लिहून ठेवली. वृद्ध प्रेषित संत योहान एका तित्तर पक्ष्याला कुरवाळीत बसले होते. धनुष्य घेतलेला एक शिकारी आला आणि एवढा थोर पुरुष असा क्षुल्लक गोष्टीत रमतो म्हणून चकित झाला. योहानांनी त्यालाच विचारले की, तुझे धनुष्य तू नेहमी ताणलेले का ठेवीत नाहीस? संत थॉमस अक्वायनस यांनीही क्रीडेचे समर्थन करताना योहान आणि धनुष्य यांची ही गोष्ट आधाराला घेतली. अक्वायनस तर असेही मानतात की, विनोदाला सर्वस्वी पारखा असलेला, इतरांच्या आनंदावर विरजण घालणारा मनुष्यही दोषी असतो. सेमिनरीत हा भाग आम्हांला घाईघाईने शिकवला गेला, याचे आज हसू येते.

परंतु कथा पुन्हा वाचली तेव्हा खटकले. योहानांच्या उत्तरात तित्तर कुठेच नाही! धनुष्य सैल करायचे ते माणसाचे. पक्षी केवळ साधन. लुसी आमच्या विरंगुळ्यासाठी आहे, असे आम्ही त्या सद्गृहस्थांना सांगितले तर तेही समाधानाने घरी जातील. मग दया हे देणे आहे असे जे म्हटले, त्याचे काय? सतराव्या शतकातील माल्ब्रांश हे तत्त्ववेत्ते देकार्तच्या मागे जाऊन म्हणत की, प्राण्यांना सुख नाही, दुःखही नाही. हे माल्ब्रांश आमच्यासारखेच धर्मगुरू होते, हे लिहिताना लाज वाटते. त्यांना आमच्या ओसरीवर आणून बसवावेसे वाटते. बोळा पंजात आल्यावर लुसी तो छातीशी धरून मागच्या पायांनी लाथाडते, सोडून देते, आम्ही तो पुन्हा वाजवावा म्हणून डोके तिरके करून वाट पाहते. तिला तो खायचा नसतो. कागद आहे हे तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. म्हणजे आमची फसवणूकही फसवणूक नव्हती. ती आमच्याशी खेळत होती. १०४ व्या स्तोत्रात सागरातला महाकाय लिव्याथान येतो, आणि देवाने त्याला कशासाठी घडवले याचे उत्तर खेळण्यासाठी असे आहे. त्याचा कुणालाही उपयोग सांगितलेला नाही. ज्या जीवाला निर्मात्याने खेळण्यासाठी घडवले, त्याचा खेळ आमच्या दुर्लक्षाने हिरावला गेला असेल, तर तो परत करणे ही मेहरबानी खास नव्हे. आठवडाभर न ऐकलेल्या त्या ओरडण्याचे देणे आम्ही पाव पाव तासाने फेडतो आहोत.

राहिला माणसांचा प्रश्न. आमच्या धर्मग्रामात काचबिंदूने दृष्टी गेलेल्या, नव्वदीच्या घरातल्या एक आजी आहेत. मुलगा-सून भली आहेत. अंथरूण स्वच्छ, औषध वेळेवर. दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आम्ही ख्रिस्तशरीर घेऊन जातो, आणि चार मिनिटांत बाहेर पडतो. आत गेल्यागेल्या आशीर्वादासाठी मस्तकावर हात ठेवला की आजी थरथरत. तो भक्तीचा कंप असेल, असे आम्ही बरीच वर्षे समजत होतो. लुसी आल्यानंतरच्या एका शुक्रवारी, केवळ रात्रीच्या सवयीमुळे, आम्ही दारातूनच त्यांना नावाने हाक मारली. आजी म्हणाल्या, "आज आवाज दिलात, बरं झालं. नाहीतर दर वेळी अंगावर पाल पडल्यासारखं होतं."

सून ओशाळली. आम्ही तिच्याहून अधिक ओशाळलो आणि खुर्ची ओढून बसलो. काय बोलावे सुचेना म्हणून मांजरीची गोष्ट काढली. आजींनी बारीकसारीक सगळे विचारून घेतले. फरशी कसली, चेंडू केवढा, कपाट कुठल्या भिंतीला. घुंगराचा चेंडू थांबला की नाहीसा होतो, हे आम्ही सांगू लागलो, तर त्यांनी वाक्य पुरे होऊ दिले नाही. "मग परातीत सोडा," त्या म्हणाल्या. "काठ असतो ना तिला. फिरून फिरून चेंडू तिच्याकडेच येणार."

त्या रात्री आम्ही स्वयंपाकघरातून मोठी परात आणली. पंजाचा एक फटका बसला की चेंडू काठाकाठाने खणखणत फेरी मारतो आणि लुसीच्या पुढ्यात येऊन ठेपतो. तो आवाज फाटकापर्यंत ऐकू जातो. पीठ मळायच्या वेळी परात जागेवर नसते म्हणून आमच्या स्वयंपाकीणबाईंनी दोनदा तक्रार केली. दर पहिल्या शुक्रवारी आजी आधी विचारतात, की आता चेंडू किती फेऱ्यांत पकडते. गेल्या खेपेला आम्ही दोन म्हणालो. त्या म्हणाल्या, "दीड असेल, नीट मोजा."