भिक्खुणींचा संघ आणि कॅमेऱ्याची उंची

श्रावस्तीजवळच्या अंधवनात सोमा नावाची भिक्खुणी भिक्षा आटोपून एका झाडाखाली ध्यानाला बसली होती. तिथे साधकांना विचलित करणारा मार आला. ऋषींनाही जे पद कष्टानं मिळतं, ते दोन बोटांची अक्कल असलेल्या बाईला कसं मिळणार, असं त्यानं तिला हिणवलं. संयुक्त निकायातल्या या प्रसंगावरची जुनी टीका ‘दोन बोटं’ म्हणजे काय ते सांगते. बाई लहानपणापासून भात रांधते, तरी तो शिजला की नाही हे तिला शीत दोन बोटांत दाबल्याशिवाय कळत नाही! मराठीत याच कृतीला शितावरून भाताची परीक्षा म्हणतात आणि ते शहाणपणाचं काम मानतात. सोमेनं माराला शांतपणे सुनावलं. चित्त एकाग्र झालं, धम्म नीट दिसू लागला, की तिथे बाईपणाचा संबंधच काय? ज्याला ‘मी बाई’, ‘मी पुरुष’ असं अजून वाटतं, त्याच्याशी जाऊन बोल.

चित्रपट आणि दूरचित्रवाणीत काम करणाऱ्या बायकांसाठी कुठे कार्यशाळा भरली, महोत्सव झाला, की सोमेचंच म्हणणं ऐकू येतं. पण ते उलट्या बाजूनं. कलेला कुठे लिंग असतं? चांगला चित्रपट तो चांगला चित्रपट, मग बायकांचा वेगळा महोत्सव कशाला? असं विचारणारे सगळे पुरुष नसतात. ‘महिला दिग्दर्शक’ ही पाटी अनेक बायकांनाच नकोशी वाटते, आणि त्यांचं वाटणं खोटं नाही. कॅमेऱ्याला डोळा लावल्यावर प्रकाश, चौकट आणि क्षण एवढंच उरतं. आत्म्याला लिंग नाही असं मानणाऱ्या देशात हा युक्तिवाद लगेच पटतोही.

पण सोमा हे कुठे बसून बोलली? ती भिक्खुणी संघातली होती, म्हणजे बायकांच्या वेगळ्या संघातली. तो संघही सहज मिळाला नव्हता. बुद्धांची मावशी महाप्रजापती गौतमी हिनं प्रव्रज्या, म्हणजे संघाची दीक्षा मागितली आणि बुद्धांनी तीनदा नकार दिला. मग ती केस कापून, काषाय वस्त्रं नेसून, इतर स्त्रियांना घेऊन वैशालीपर्यंत चालत गेली. तिचे पाय सुजले होते. आनंदानं मध्ये पडून विचारलं, स्त्री अर्हत, म्हणजे पूर्ण मुक्त, होऊ शकते का? उत्तर आलं, होऊ शकते. क्षमता मान्य होती, दार मात्र बंद होतं. ते उघडलं तेही आठ अटी घालून. त्यातली पहिली अट अशी की शंभर वर्षं दीक्षेत असलेल्या भिक्खुणीनंही त्याच दिवशी दीक्षा घेतलेल्या भिक्खूला वंदन करावं. या अटी मूळच्या की नंतर घातलेल्या, यावर अभ्यासकांत वाद आहे. त्या अटींसकटच्या संघानं थेरींची, म्हणजे ज्येष्ठ भिक्खुणींची, ७३ गीतं मागे ठेवली. ‘चित्ताला लिंग नाही’ हे वाक्य आपल्यापर्यंत पोचलं, ते असा वेगळा संघ होता म्हणूनच.

हे नीट पाहिलं तर वादातला विरोध विरघळतो. कलेला लिंग नाही हे खरं, आणि बायकांना वेगळी जागा हवी हेही खरं. पहिलं विधान कलेविषयी आहे, दुसरं दाराविषयी.

मराठी माणसाला हे दार फार जवळचं आहे. १९१३ साली दादासाहेब फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामती साकारली ती साळुंके नावाच्या पुरुषानं, कारण पडद्यावर यायला बाई मिळेना. त्याच वर्षी ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई पडद्यावर आल्या. पण पहिल्या चित्रपटात बाई नव्हतीच असं म्हणता येत नाही. फिल्मला छिद्रं पाडणं, ती धुणं, रसायनं कालवणं आणि सगळ्या ताफ्याचा स्वयंपाक करणं हे सरस्वतीबाई फाळक्यांनी केलं. भारतीय चित्रपटाच्या पहिल्या तंत्रज्ञांत त्यांची गणना व्हायला हवी. एवढं काम करणाऱ्या बाईचं नाव लोकांना आठवतं ते मात्र ‘फाळक्यांची पत्नी’ म्हणून. १९२६ साली फातमा बेगमनं ‘बुलबुल-ए-परिस्तान’ दिग्दर्शित केला, म्हणजे दिग्दर्शकाच्या खुर्चीतही बाई लवकरच बसली होती. सुरुवात झाली होती, ती पुढे का चालली नाही, हा खरा प्रश्न.

बायकांसाठी वेगळ्या जागाही उभ्या राहत गेल्या. रेडिओ आणि दूरचित्रवाणीतल्या स्त्रियांची आंतरराष्ट्रीय संघटना १९५१ साली सुरू झाली. तिची भारतीय शाखा २००५पासून दिल्लीत आशियाई स्त्रियांच्या चित्रपटांचा महोत्सव भरवते. अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटनं १९७४ साली बायकांसाठी दिग्दर्शनाची कार्यशाळा सुरू केली. पहिल्या तुकडीत कवयित्री माया अँजेलो होत्या, अभिनेत्री ली ग्रँट होत्या. पुढे ग्रँट यांच्या ‘डाउन अँड आउट इन अमेरिका’ या माहितीपटाला ऑस्कर मिळालं.

या सगळ्या खटाटोपात सर्वांत मोठा विचार मांडला तो मात्र तेलंगणातल्या जहिराबादजवळच्या पस्तापूर भागातल्या शेतमजूर बायकांनी. डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी ही संस्था तिथे काम करते. गावोगावी दलित बायकांचे गट आहेत, त्यांना त्या ‘संघम’ म्हणतात. १९९०च्या दशकाच्या अखेरीस या बायकांनी व्हिडिओ कॅमेरा शिकायला घेतला. त्यांतल्या बऱ्याच जणींना अक्षरओळख नव्हती. कॅमेरा वरून खाली रोखला तर काय म्हणायचं, खालून वर रोखला तर काय, यासाठीची इंग्रजी नावं त्यांच्या उपयोगाची नव्हती. त्यांनी आपली नावं दिली. वरून खाली पाहणारा तो ‘पटेल शॉट’, कारण गावचा जमीनदार असाच पाहतो. खालून वर पाहणारा तो गुलामाचा शॉट. आणि समोरच्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर कॅमेरा धरला तर तो ‘संघम शॉट’, कारण संघममध्ये सगळ्या एका पातळीवर बसतात.

चित्रपटशास्त्राच्या पुस्तकांत कॅमेऱ्याच्या कोनाचा अर्थ पानंच्या पानं समजावलेला असतो. या बायकांनी तो तीन नावांत बसवला, आणि त्यात समतेचं तत्त्वज्ञान आलं. पाहणं कधीच नुसतं पाहणं नसतं. पाहणारा कुठे उभा आहे, कोणाच्या डोक्यावर की कोणाच्या पायाशी, हे त्यात उतरतंच. दर्शनाला जाणारा भाविक हे जाणतो. गाभाऱ्यात कोण जातं आणि उंबऱ्याबाहेरून कोण हात जोडतं, यावर पुष्कळ गोष्टी ठरत आल्या आहेत. पस्तापूरच्या बायकांना हे कळलं ते शेतावर वाकून काम करताना. कार्यशाळेनं त्यांच्या हाती कॅमेरा दिला. दृष्टी त्यांच्याजवळ आधीपासून होती. पुढे त्यांनी वरंगळच्या शेतकऱ्यांबरोबर फिरून बीटी कापसाच्या फसलेल्या पिकावर माहितीपट केला.

पुण्यातही असं घडलं आहे. बंगळूरुच्या ‘युगांतर’ गटानं १९८१ साली ‘मोलकरीण’ हा माहितीपट केला, तो पुण्यातल्या घरकामगार बायकांच्या संघटनेबरोबर. दीपा धनराज त्या गटाच्या संस्थापकांपैकी. भांडी घासणाऱ्या बाईकडे दयेनं बघायचं नाही, तिच्याशेजारी बसून बघायचं, हा या गटाचा आग्रह होता. सुमित्रा भावे समाजकार्य शिकवता शिकवता चित्रपटाकडे वळल्या आणि १९८५च्या ‘बाई’पासून त्यांनीही हीच उंची धरली.

इथपर्यंत वेगळ्या जागेचं कौतुक झालं. तिची एक गंभीर अडचणही आहे. प्रशिक्षण देत राहणं म्हणजे उणीव शिकणाऱ्या बाईत आहे, असं सुचवत राहणं. पुष्कळदा ती उणीव तिच्यात नसतेच.

चारू खुराना यांनी रंगभूषेचं शिक्षण लॉस एंजेलिसला घेतलं होतं. मुंबईच्या रंगभूषाकारांच्या संघटनेनं त्यांना रंगभूषाकाराचं कार्ड नाकारलं, कारण बायकांना केशभूषेचं कार्ड मिळायचं, रंगभूषेचं नाही. कार्ड नसेल तर काम नाही. संघटनेनं कारणही लपवलं नव्हतं. बायकांना रंगभूषेची कार्डं दिली तर पुरुषांना काम मिळणं अशक्य होईल, असं तिनं लिहूनच दिलं होतं. याचा अर्थ बायकांचं कौशल्य तिला पक्कं ठाऊक होतं. अर्हत होऊ शकते, पण आत घ्यायचं नाही, हीच ती वैशालीची गोष्ट. १० नोव्हेंबर २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं ही अट घटनाबाह्य ठरवली. तोवर ती ५९ वर्षं चालली होती.

हॉलिवूडमध्येही १९७९ साली दिग्दर्शक संघटनेतल्या सहा बायकांनी आकडे जमवायला घेतले. काहींच्या गाठीशी पुरस्कार होते, काम मात्र नव्हतं. तीस वर्षांत मोठ्या वितरकांनी आणलेल्या ७,३३२ चित्रपटांपैकी बायकांनी दिग्दर्शित केलेले निघाले फक्त १४. तो आकडा पाहून कोणी म्हणू शकेल का, की या बायकांना अजून एका कार्यशाळेची गरज होती?

केरळात २०१७ साली अभिनेत्री आणि तंत्रज्ञ स्त्रियांनी ‘विमेन इन सिनेमा कलेक्टिव्ह’ हा गट स्थापन केला, तेव्हा त्यांनी शिकवणी मागितली नाही, चौकशी मागितली. त्यातून न्यायमूर्ती हेमा समिती नेमली गेली. तिचा अहवाल सरकारकडे २०१९च्या अखेरीस गेला आणि जनतेसमोर ऑगस्ट २०२४मध्ये आला. चित्रीकरणाच्या जागी बायकांना स्वच्छतागृह नाही, कपडे बदलायला खोली नाही, हेही त्यात नोंदलेलं आहे. जिथे ही साधी सोय नाही, तिथे कलेला लिंग नसतं असं सांगणं बाईची थट्टा करण्यासारखं आहे.

म्हणून वेगळी कार्यशाळा हवी, पण आठ अटींची नको. शिकणाऱ्या बाईनं शेवटी नवख्या सहायकापुढेच वाकायचं असेल, तर प्रमाणपत्रं कितीही वाटली तरी कॅमेरा ‘पटेल शॉट’मध्येच राहतो. २०२४ साली पायल कपाडिया यांच्या ‘ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट’ला कान महोत्सवात ग्राँ प्री मिळालं. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेल्या या बाईनं मुंबईतल्या परिचारिकांची गोष्ट सांगितली, आणि सगळ्या महाराष्ट्रानं अभिमान मिरवला. त्या अभिमानाला आता काम जोडावं. पुढच्या ८ मार्चला ज्या निर्मात्यांना आणि वाहिन्यांना मंचावर पाहुणे म्हणून बोलावलं जाईल, त्यांनी येताना आपल्या पुढच्या चित्रीकरणाच्या युनिटची यादी सोबत आणावी. छायाचित्रण, ध्वनी, संकलन आणि प्रकाशयोजना या रकान्यांत, मानधनाच्या आकड्यासकट, समोर बसलेल्या बायकांची नावं तिथेच लिहावीत.