लग्नात न बोलावलेलं वाद्य

सकाळच्या रागांमध्ये बसंत मुखारी तसा नवखाच. खालच्या अर्ध्यात भैरव, वरच्या अर्ध्यात भैरवी. कोमल रिषभाला लागून शुद्ध गंधार, आणि पुढे धैवत-निषाद दोन्ही कोमल. कर्नाटक पद्धतीत वकुळाभरणम् नावाच्या मेळाचे हेच स्वर. पेटीवर एकदा सावकाश वाजवून पाहा. रिषभावरून गंधारावर जाताना जी लांब उडी पडते, तिथे घशात काहीतरी अडकल्यासारखं होतं आणि मध्यमावर आलं की सुटतं.

नेमकी हीच सुरांची ओळ युक्रेन, पोलंड, मोल्दोवा, रोमानिया या पट्ट्यातल्या ज्यू वस्त्यांमध्ये पिढ्यानपिढ्या लग्नात वाजत आली. वादक तिला फ्रेगिश म्हणतात. सिनेगॉगमध्ये तिचं नाव अहावा रब्बा. सकाळच्या प्रार्थनेतल्या एका आशीर्वचनाचे ते पहिले शब्द. आपला सकाळचा राग आणि त्यांची सकाळची प्रार्थना, हा योगायोग. त्यावरून कुणी हजार वर्षांचं नातं काढायला बसू नये. नुसते स्वर जुळले म्हणून राग जुळत नाही, हे गाण्याच्या क्लासला महिनाभर गेलेलं पोरही सांगेल. तरी कान ओढला जातो तो जातोच.

ज्यू संगीत म्हटलं की आपल्याला अलिबाग-रेवदंड्याकडचे बेने इस्रायल आठवतात. त्यांनी बायबलातल्या कथांवर चक्क मराठीत कीर्तनं केली. पण त्यांचा सूर वेगळा, घराणं वेगळं. मी म्हणतोय ते यिडिश बोलणाऱ्या पूर्व युरोपीय ज्यूंचं लग्नाचं वाजप, म्हणजे क्लेझमर.

या वाजंत्र्यांचा ताफा ठरलेला असे. पुढे व्हायोलिन, सोबतीला त्सिम्बल (आपल्या संतूरचं भावंड), खाली बास, कधी बासरी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीकडे क्लॅरिनेट आलं आणि बघता बघता तेच म्होरक्या झालं. लग्नात नवरीला खुर्चीवर बसवण्याचा एक विधी असतो. तिथे बदखन नावाचा कवी-कम-विदूषक तिला उद्देशून यमकं रचत जातो, आईबापाचं घर सुटणार याची आठवण देतो, आणि नवरी रडली पाहिजे असा रिवाज. व्हायोलिन तिच्याबरोबर रडतं. थोड्या वेळाने त्याच व्हायोलिनवर फ्रेलेख्स ही नाचाची चाल सुरू होते आणि म्हातारेकोतारेसुद्धा हातात हात घालून गोल धरतात. गंमत म्हणजे सूर तेच. पाश्चात्त्य कानाला अमुक सप्तक आनंदाचं आणि तमुक दुःखाचं अशी शिकवण असते, ती इथे गडबडते. आपल्याला याचं नवल वाटू नये. भैरवीत आपण विरहही गातो आणि मैफलीत सगळ्यात मोकळं हसूही भैरवीतच येतं.

या संगीताचा प्राण म्हणजे क्रेख्त्स. सूर संपता संपता वरच्या सुराला निसटता स्पर्श करायचा आणि आवाज एकदम गिळायचा. लहान मूल रडून थांबलं की मधेच जो हुंदका येतो, तो. व्हायोलिनवाला गज किंचित अडवून करंगळीने हे करतो. क्लॅरिनेटवाला घशातून आणि जिभेने करतो. सिनेगॉगचा गायक गळ्यातून करतो, आणि बाकी सगळे त्याची नक्कल करत असतात असं म्हटलं तरी चालेल.

आता यात मेंडोलिन आणा. आठ तारा, चार जोड्या. जुळणी व्हायोलिनचीच: मंद्राकडून तारेकडे प्रत्येक जोडी पाच-पाच सुरांच्या अंतराने. पण गज नाही, नखी आहे. तार छेडली की सूर जन्मतो आणि लगेच मरायला लागतो. बोट सरकवावं तर खाली पडदे; घसरण पायऱ्यापायऱ्यांनी ऐकू येते. आवाज एवढासा. शंभर-दोनशे माणसं नाचत असलेल्या मांडवात हे वाद्य घेऊन बसणं म्हणजे बँडपथकाच्या मागून एकतारी छेडत चालण्यासारखं. लग्नाच्या ताफ्यात मेंडोलिनला मानाची जागा मिळाली नाही यात अन्याय काही नव्हता.

ते राहिलं घरात. मेंडोलिन स्वस्त होतं. पडद्यांमुळे सूर जागच्या जागी सापडतो, म्हणून दिवसभर शिलाई मशीनवर वाकलेल्या माणसालाही संध्याकाळी तासभर बसून थोड्या महिन्यांत काहीतरी वाजवता येई. क्लेझमरचा धंदा पुरुषांचा, बापाकडून मुलाकडे जाणारा. मेंडोलिन मात्र मुलींच्याही हातात गेलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत वॉर्सापासून न्यूयॉर्कपर्यंत ज्यू कामगारांच्या आणि तरुणांच्या मंडळांनी मेंडोलिनची वाद्यवृंदं काढली. न्यूयॉर्कचं एक १९२४ साली ‘फ्रायहाइट’ या यिडिश कम्युनिस्ट दैनिकाच्या आसऱ्याने उभं राहिलं. आज ते न्यूयॉर्क मेंडोलिन ऑर्केस्ट्रा म्हणून ओळखलं जातं. लग्नाची सुपारी घेण्यासाठी ही मंडळी जमली नव्हती. कारखान्यात यंत्राचा भाग होऊन राबणाऱ्यांना स्वतःच्या हाताने संगीत करता यावं, एवढाच खटाटोप. मला तो क्लेझमरच्या थोर वादकांइतकाच आदराचा वाटतो, पण कौतुकाच्या ग्रंथांत त्याला अर्धं पान मिळतं.

डेव्ह टॅरास यांची गोष्ट या सगळ्याच्या मधोमध येते. युक्रेनमधल्या तेर्निव्का गावचा, वाजंत्र्यांच्या घरातला मुलगा. लहानपणी बलालायका, मेंडोलिन, बासरी असं हाताला लागेल ते वाजवलं आणि मग क्लॅरिनेट धरलं, कारण पोट त्यावर भरणार होतं. झारच्या सैन्यात भरती झाला तर तिथेही वाद्यपथकात. १९२१ साली न्यूयॉर्कला आला, आधी फरच्या कारखान्यात राबला, आणि पुढची काही दशकं त्या शहरातल्या ज्यू लग्नांमध्ये टॅरास यांचं क्लॅरिनेट हा शेवटचा शब्द झाला. मेंडोलिन केव्हाच मागे पडलं होतं.

मग लग्नंच बदलली. अमेरिकेत जन्मलेल्या मुलांना आजोबांचं वाजप नकोसं झालं. युरोपात तर ज्या गावांमध्ये ते वाजायचं, ती गावंच हिटलरने रिकामी केली. १९६०-७०च्या सुमाराला टॅरास ब्रुकलिनमध्ये म्हातारे होत होते आणि त्यांची विद्या मागायला फारसं कुणी येत नव्हतं.

आला तो एक मेंडोलिनवाला. अँडी स्टॅटमन, जन्म १९५०. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात वाढलेला, ब्लूग्रास नावाच्या अमेरिकी ग्रामीण संगीताच्या वेडाने मेंडोलिन शिकलेला. त्याचे एक गुरू डेव्हिड ग्रिसमन, तेही ज्यू, तेही ब्लूग्रासचे. दक्षिणेकडच्या ख्रिस्ती डोंगराळ मुलखातलं संगीत आत्मसात करून झाल्यावर स्टॅटमनला प्रश्न पडला, की आपल्या घरचं संगीत कुठलं? त्या प्रश्नाने तो टॅरास यांच्या दारात गेला. लहानपणी मेंडोलिन सोडून क्लॅरिनेटकडे गेलेला म्हातारा आणि तोच रस्ता चालू पाहणारा तरुण, अशी ती भेट. स्टॅटमन क्लॅरिनेट शिकला, पण मेंडोलिन त्याने सोडलं नाही. १९७८ साली त्याने आणि त्सिम्बलवादक झेव फेल्डमनने न्यूयॉर्कमध्ये टॅरास यांची मैफल घडवून आणायला हातभार लावला. १९७९ साली या दोघांची ‘ज्युइश क्लेझमर म्युझिक’ ही तबकडी निघाली. क्लेझमरच्या पुनर्जन्माचं बोलणं निघालं की तिचं नाव पहिल्या दोन-चारांत येतं. टॅरास १९८९ साली गेले. त्यांची क्लॅरिनेटं स्टॅटमनकडे आली.

तर मांडवात ज्याला जागा नव्हती त्या वाद्याच्या हातून, निदान काही अंशी, हे संगीत परत आलं. मला यात काव्यगत न्याय वगैरे दिसत नाही. मला दिसतो तो हाताचा प्रश्न. जे वाद्य सूर धरून ठेवू शकत नाही त्यावर हुंदका काढायचा कसा?

सोपा मार्ग ट्रेमोलोचा. नखी एकाच जोडीवर इतक्या वेगाने वरखाली करायची, की तुटक सूर अखंड भासावा. नेपल्सची प्रेमगीतं यावर जगली. पण क्लेझमरमध्ये ट्रेमोलो सैल सोडला की पोलंडच्या लग्नात इटलीचा नावाडी शिरलाच म्हणून समजा. जाणकार वादक तो मोजूनमापून वापरतात, डोइना वाजवताना तर फारच जपून. डोइना ही रोमानियाकडून आलेली, आपल्या आलापीच्या स्वभावाची चीज. ताल नाही, एकेक सूर फुलवत न्यायचा. व्हायोलिनला ती आयतीच साधते. मेंडोलिनवाल्याला इथे ठरवावं लागतं, की कुठला सूर नखीने धरून ठेवायचा आणि कुठला मरू द्यायचा. मरू दिलेल्या सुराच्या जागी ऐकणारा आपल्या मनाने सूर लांबवतो. चांगल्या डोइनेत मला हाच भाग सर्वांत आवडतो.

क्रेख्त्ससाठी डाव्या हाताची युक्ती आहे. सूर छेडायचा, तो विझायच्या आत मोकळ्या बोटाने वरच्या पडद्याजवळ तारेला नुसतं शिवायचं आणि तार तिथेच मुकी करायची. एक ‘टक्’ असा आवाज होतो, सुराचा आणि लाकडाचा मिळून. क्लॅरिनेटइतका तो ओला नसतो. रडू दाबलेल्या माणसाचा घसा वाजतो तसा कोरडा असतो. गाजलेल्या वादकांची ध्वनिमुद्रणं ऐकताना मी हल्ली त्या कोरडेपणाचीच वाट पाहतो, आणि तो जिथे नसतो तिथे मला सफाईचा कंटाळा येतो.

मुंबईत संगीतकार सज्जाद हुसेन यांनी याच वाद्याशी याच कारणाने झुंज घेतली होती. पडद्यांच्या मेंडोलिनवर मींड काढून राग वाजवायचा त्यांचा हट्ट. त्यांनी वाद्याचा दोष झाकून टाकला. क्लेझमरवाले तो उघडा ठेवून वापरतात. दोन्ही वाटा अवघड, आणि कुठली मोठी हे ठरवायला मी कोण!

वॉर्साच्या दक्षिणेला गुरा काल्वारिया नावाचं गाव आहे. ज्यू लोक त्याला गेर म्हणत. हसिदी धर्मगुरूंची मोठी गादी तिथे होती. त्याच गावात १९२०च्या दशकात तरुण ज्यूंचं एक मेंडोलिन वाद्यवृंद होतं. त्याचं एक छायाचित्र उरलं आहे: नीट कपडे केलेली, वाद्यं मांडीवर धरलेली मंडळी. १९४१ साली गेरमधल्या ज्यूंना वॉर्साच्या घेटोत कोंबलं आणि पुढे त्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीत नेलं. छायाचित्रातले बहुतेक जण वाचले नाहीत. अनेक दशकांनी त्या वादकांपैकी काहींच्या वंशातल्या एकाने ते चित्र हेरलं आणि पुन्हा तेवढी माणसं जमवून मेंडोलिन वाजवायची असं मनावर घेतलं. मेंडोलिनवादक माइक मार्शल यांच्या नेतृत्वाखाली २०११ साली कॅलिफोर्नियातल्या बर्कलीला ‘गेर मेंडोलिन ऑर्केस्ट्रा’ रंगमंचावर आलं. वादक जगाच्या वेगवेगळ्या भागांतले, वेगवेगळ्या शैलींचे. सगळे ज्यूही नव्हते.

ऑशविट्झच्या स्त्रियांच्या वाद्यवृंदातही मेंडोलिनं होती. संचालन करायच्या अल्मा रोझे, गुस्ताव मालर यांची भाची. कैद्यांच्या तुकड्या सकाळी कामावर निघताना फाटकापाशी त्यांनी मार्च वाजवायचे, संध्याकाळी त्या परतताना पुन्हा. घरी हौसेने शिकलेल्या वाद्याने काही मुलींचा जीव वाचवला, एवढं नोंदवून मी पुढे जातो. याला संगीताचा विजय म्हणण्याची काही लेखकांना घाई असते. मला ती नाही.

इस्रायलमध्ये बेर शेवा हे वाळवंटातलं शहर. महाराष्ट्रातून गेलेल्या बेने इस्रायलींची मोठी वस्ती तिथे आहे. अवी अवितल हा आजचा नावाजलेला मेंडोलिनवादक १९७८ साली तिथेच जन्मला. आईवडील मोरोक्कोचे, म्हणजे क्लेझमर त्याच्याही घरातलं नव्हे. त्याचे शिक्षक सिम्खा नाथनसन रशियात जन्मलेले, मुळात व्हायोलिनवाले. त्यांनी गावातल्या मुलांचं मेंडोलिन वाद्यवृंद काढलं आणि व्हायोलिनची विद्या या वाद्यावर उतरवली. जुळणी एकच असल्याने ते जमून गेलं. पुढे अवितल क्लॅरिनेटवादक गिओरा फायडमन यांच्याबरोबर क्लेझमर वाजवू लागला. लग्नाच्या ताफ्यात बापजाद्यांचं नाव लागतं. इथे कुणी मोरोक्कोचा, कुणी ब्लूग्रासचा, आणि कुणी काही विचारत नाही.

आज सकाळी ऐकायचंच असेल तर १९७९ची ती स्टॅटमन-फेल्डमनची तबकडी ऐका. मेंडोलिनचे तुकडे आधी, क्लॅरिनेटचे नंतर. उलटा क्रम लावलात तर मेंडोलिन फिकं वाटेल आणि दोष तुम्ही त्याला द्याल.