पराक्रमाचा पगार

सी. के. नायडू आमच्या नागपूरचे, हे आपण नागपूरकर छाती फुगवून सांगतो. ३१ ऑक्टोबर १८९५ ला ते इथे जन्मले, इथेच वाढले आणि हिस्लॉपमध्ये शिकले. पण त्यांचं क्रिकेट इंदूरनं पोसलं, हे सांगताना आवाज जरा खाली येतो. मला मात्र वाटतं, खरी गोष्ट सुरू होते ती तिथेच.

आधी त्यांच्या गाजलेल्या खेळीविषयी. १९२६ च्या हिवाळ्यात आर्थर गिलिगनचा एमसीसी संघ हिंदुस्थानात आला होता. मुंबई जिमखान्यावर हिंदू संघाविरुद्ध त्यांच्या गाय अर्लनं दीड तासात १३० धावा कुटल्या, त्यात आठ षटकार. इंग्रजांची ही आतषबाजी पाहून गेलेले प्रेक्षक दुसऱ्या दिवशी, १ डिसेंबरला, पुन्हा आले. त्या दिवशी हिंदू संघाकडून नायडू खेळले. ११६ मिनिटांत १५३ धावा, १३ चौकार, ११ षटकार. जरा हिशेब मांडून बघा. १५३ पैकी ११८ धावा एकही पाऊल न पळता आलेल्या आहेत. बॉब वायटच्या चेंडूवरचा एक षटकार जिमखान्याच्या छपरावर जाऊन पडला. बातमी फोर्टातल्या कचेऱ्यांत पोचली आणि माणसं काम टाकून मैदानाकडे निघाली. जागा मिळेना तेव्हा झाडांवर चढली. ज्यांना फोडून काढलं होतं, त्याच एमसीसीनं नायडूंना चांदीची बॅट भेट दिली. आपल्या खेळाडूंत कसोटी खेळायची ताकद आहे अशी गिलिगनची खात्री पटली आणि दोन वर्षांत, डिसेंबर १९२८ मध्ये, भारतीय क्रिकेट मंडळ उभं राहिलं.

ही खेळी सगळ्यांना ठाऊक आहे. ३१ वर्षांच्या या माणसाला रोज बॅट हातात घेण्याची मोकळीक कुणी दिली होती, हे मात्र क्वचितच कुणी विचारतं. १९२३ मध्ये तुकोजीराव होळकरांनी नायडूंना इंदूरला बोलावून घेतलं आणि आपल्या फौजेत हुद्दा दिला. पुढे ते कर्नल झाले. कागदावर ते लष्करी अधिकारी होते, पण महाराजांना त्यांच्याकडून हवं होतं क्रिकेट, आणि पगारही त्याचाच होता. नागपूर तेव्हा मध्यप्रांताची राजधानी होतं. इथे वकील होते, मालगुजार होते, गिरण्या होत्या, मैदानंही होती. खेळणाऱ्या माणसाला आयुष्यभर सांभाळणारी संस्था तेवढी नव्हती. म्हणून आमचा सर्वांत मोठा खेळाडू गाव सोडून गेला.

पोटासाठी खेळणं म्हणजे काहीतरी कमीपणाचं, ही समजूत आपल्याकडे विलायतेतून आली. तिथे हौशी खेळाडू ‘जंटलमन’ आणि पैसे घेणारा ‘प्लेअर’. दोघांच्या कपडे बदलायच्या खोल्याही वेगळ्या. ही विभागणी १९६२ पर्यंत टिकली. आपण ती उचलली आणि तिच्यावर जातीचा थर चढवला. दलित समाजातल्या पळवणकर बाळूंनी पुण्यात महिना तीन-चार रुपयांवर खेळपट्टी झाडली, रोलर फिरवला आणि साहेबांना जाळ्यात तासन् तास गोलंदाजी टाकली. त्या मजुरीतून त्यांची डावखुरी फिरकी घडली. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले, सरासरी १८.८४. पण पुण्यात संघातले सहकारी त्यांना चहा मंडपाबाहेर, मातीच्या भांड्यातून देत. हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांना रीतसर कधीच मिळालं नाही. ते १९२३ मध्ये त्यांच्या भावाला, विठ्ठलला मिळालं.

आता थोडं अमेरिकेत जाऊ या, कारण पैसे घेऊन खेळण्याचा हाच प्रश्न तिथे लोकांनी उघडपणे सोडवला होता. आणि सोडवणारा माणूस क्रिकेटमधलाच होता. हॅरी राइट जन्मला शेफील्डला, त्याचे वडील पगारी क्रिकेटपटू, आणि स्वतः हॅरीही सिनसिनाटीला आला तो तिथल्या क्रिकेट क्लबचा पगारी खेळाडू म्हणून. १८६९ मध्ये त्यानं बेसबॉलचा असा संघ उभारला, की ज्यात प्रत्येकाला ठरलेला पगार होता आणि तो जगाला माहीत होता. स्वतः हॅरीला १,२०० डॉलर आणि शॉर्टस्टॉपला खेळणाऱ्या त्याच्या धाकट्या भावाला, जॉर्जला, १,४००. कर्णधारापेक्षा भावाचा पगार जास्त, कारण तो खेळतही जास्त चांगला होता! लाल मोजे घालणाऱ्या या ‘रेड स्टॉकिंग्ज’नी त्या मोसमात ५७ सामने खेळले आणि ५७ जिंकले.

१४ जून १८७० ला ब्रुकलिनमध्ये ॲटलांटिक संघाशी गाठ पडली. ठरलेले नऊ डाव संपले तेव्हा ५–५ अशी बरोबरी होती. ॲटलांटिकचे खेळाडू खुशीत मैदान सोडू लागले. अजिंक्य संघाला बरोबरीत रोखलं, आणखी काय हवं? हॅरी राइटनंही मान डोलावली असती तर त्याची अपराजित मालिका शाबूत राहिली असती. पण तो अडून बसला, निकाल लागेपर्यंत खेळायचं. अकराव्या डावात त्याच्या संघानं दोन धावा काढल्या, ॲटलांटिकनं तीन. ८–७. मालिका तुटली.

मला त्या ५७ विजयांहून ही हार मोठी वाटते. पैसे घेऊन खेळणारा माणूस खेळापेक्षा पैशाला जपतो, असा आरोप तेव्हाही होता आणि आजही आहे. इथे पगारी कप्तानानं नेमकं उलट केलं. खेळ हेच ज्याचं काम, त्याला अर्धवट टाकलेलं काम झोपू देत नाही. शिंप्याला अर्धी शिवण टोचते, तसंच. पराभवानंतर प्रेक्षक आटले आणि मोसम संपल्यावर क्लबनं पगारी संघ मोडला, हेही खरं. राइट बंधू बोस्टनला गेले, मोज्यांचा लाल रंग बरोबर घेऊन. १८७१ मध्ये व्यावसायिक खेळाडूंची पहिली लीग सुरू झाली.

नायडूंच्या वाट्याला असा उघड व्यवहार आला नाही. १९३२ मध्ये भारत पहिली कसोटी खेळायला निघाला तेव्हा कर्णधार पोरबंदरचे महाराज आणि उपकर्णधार लिंबडीचे राजपुत्र. दोघं बाजूला झाले म्हणून २५ जूनला लॉर्ड्सवर संघ घेऊन नायडू उतरले. त्या दौऱ्यात त्यांनी प्रथम श्रेणीत १,६१८ धावा काढल्या, ६५ बळीही घेतले आणि विस्डेननं त्यांना वर्षातल्या पाच क्रिकेटपटूंत बसवलं. तरी १९३६ च्या दौऱ्यात कर्णधारपद विजयनगरमच्या महाराजकुमारांकडे गेलं. पोसणारा पुढे आणि खेळणारा मागे, हा दरबारी शिरस्ता होता. होळकरांनी नायडूंना जे दिलं त्याचं मोल मी कमी करत नाही. त्यांच्या आश्रयावर होळकर संघानं चार वेळा रणजी करंडक जिंकला आणि स्वतः नायडू एकसष्टाव्या वर्षी उत्तर प्रदेशाकडून रणजी खेळले. पण आश्रय हा देणाऱ्याच्या मर्जीवर असतो, हक्कानं मागता येत नाही.

संस्थानं विलीन झाली आणि मर्जीची जागा नोकरीनं घेतली. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात महाराष्ट्राकडून काठेवाडविरुद्ध ४४३ धावांवर नाबाद राहिलेले भाऊसाहेब निंबाळकर आठवा. ब्रॅडमनच्या ४५२ चा उच्चांक दहा धावांवर होता आणि काठेवाडच्या कप्तानानं, राजकोटच्या ठाकोरसाहेबांनी, सामनाच सोडून दिला. (राजानं घर गाठलं, खेळाडू मैदानातच राहिला.) निंबाळकरांना कसोटी कधीच मिळाली नाही. ते होळकरांकडूनही खेळले, पुढे रेल्वेकडून. रेल्वे, टाटा, एसीसी, मफतलाल, स्टेट बँक या नव्या आश्रयदात्यांनी दोन-तीन पिढ्या जगवल्या. आमच्या उमेश यादवचे वडील वलनीच्या कोळसा खाणीत कामाला. उमेश आधी पोलीस भरतीच्या रांगेत उभा राहिला होता. २०११ मध्ये तो कसोटी खेळला, विदर्भाचा पहिला कसोटीपटू म्हणून. रिझर्व्ह बँकेतली नोकरी आली ती २०१७ मध्ये, म्हणजे नाव झाल्यावर. आधीची वर्षं घरच्यांनी आणि नशिबानं निभावली.

त्याच मोसमात, १ जानेवारी २०१८ ला, विदर्भानं दिल्लीला हरवून पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला. सामना इंदूरच्या होळकर स्टेडियमवर होता. रजनीश गुरबाणीनं अंतिम सामन्यात हॅटट्रिक घेतली. बाहेरून आणलेला वसीम जाफर संघात होता आणि प्रशिक्षक चंद्रकांत पंडित मुंबईचे. आमच्याकडे काहींनी तेव्हा नाक मुरडलं, भाड्याचे लोक आणून जिंकलात म्हणून. २०२५ मध्ये जामठ्याच्या रणजी अंतिम सामन्यात केरळविरुद्ध बाहेरूनच आलेल्या करुण नायरनं ८६ आणि १३५ धावा केल्या तेव्हाही हेच बोलणं कानावर आलं. त्याच मोसमात आमच्या हर्ष दुबेनं ६९ बळी घेऊन विक्रम केला. नायरकडे पाहूनच त्याच्या वयाची पोरं शिकतात की खेळ हे पूर्णवेळ काम असतं. शंभर वर्षांपूर्वी नागपूरचा माणूस नेला तेव्हा इंदूरनं नेमकं हेच केलं होतं.

कर्नल सी. के. नायडू यांच्या नावाचा करंडक २३ वर्षांखालच्या मुलांसाठी आहे. मंडळानं २०२१ मध्ये या वयोगटाचं मानधन दिवसाला २५ हजार ठरवलं आणि ते जाहीर केलं, हे मला फार मोलाचं वाटतं. पण ते मिळतं संघात निवड झाल्यावर, आणि तेही खेळेल तितक्या दिवसांचं. वणी, गोंदिया, गडचिरोलीहून सकाळच्या गाडीनं किट उचलून येणाऱ्या मुलाची चौदा ते वीस ही वर्षं कोण सांभाळणार? मुलींचं गणित याहून अवघड. आपली मोना मेश्राम विदर्भाची कर्णधार होती, तीही काही काळ रेल्वेकडून खेळली, आणि महिला क्रिकेटमध्ये रेल्वे वर्षानुवर्षं जिंकत राहिली ती नोकऱ्या देत होती म्हणून. विदर्भ क्रिकेट संघटनेकडे आज जामठ्याचं स्टेडियम आहे, अकादमी आहे, तीन रणजी करंडक आहेत. जिल्ह्यातल्या मुला-मुलींना निवडीआधीच तीन वर्षांचं ठरावीक वेतन आणि नागपुरात राहायची सोय, एवढं करणं तिला सहज झेपेल. त्याची यादी आणि रक्कम दरवर्षी नोटीस बोर्डावर लावावी, सिनसिनाटीतल्या पगारांइतक्याच उघडपणे.