ज्याची जीप, त्याचाच पाना?

जुनी जीप स्वतःच्या हाताने दुरुस्त करणाऱ्या गृहस्थाकडे लोक दोन नजरांनी पाहतात. कोणी त्याला हौशी म्हणतो, कोणी कंजूष. या दोन्ही निवाड्यांत आम्हांला फारसा रस नाही. आमच्या मनात प्रश्न आहे तो निराळाच. वस्तू आपली, हत्यारे आपली, रविवारची दुपारही आपलीच. म्हणून त्या वस्तूची दुरुस्ती ही सर्वस्वी आपलीच खासगी बाब ठरते काय?

जीपचे उदाहरण आम्ही मुद्दाम घेत आहोत. ही गाडी मुळात रानावनात, मिळेल त्या हातांनी दुरुस्त व्हावी अशीच घडवली गेली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत विलीज आणि फोर्ड या दोन कारखान्यांनी मिळून अशा सहा लाखांहून अधिक गाड्या बांधल्या. एका गाडीचा भाग दुसरीला बसला पाहिजे ही त्यांमागची अट होती. तिची नागरी वंशावळ महिंद्रांनी आपल्याकडे आणली. १९५३ साली अमेरिकेत निघालेले उंच बोनेटचे ‘सीजे-३बी’ हे रूप तर आपल्या रस्त्यांवर कित्येक दशके दिसत राहिले. ते बोनेट उंच झाले ते शोभेसाठी नव्हे. नव्या इंजिनात हवा आत घेणाऱ्या झडपा वरच्या बाजूस आल्या, इंजिनाची उंची वाढली आणि पत्र्याला वर सरकावे लागले. अशा गाडीत प्रत्येक गोष्टीचे कारण डोळ्यांना दिसते. आजच्या मोटारीचे बोनेट उघडले तर प्लास्टिकचे झाकण दिसते, आणि त्याखाली काय बिघडले हे सांगायला संगणक लागतो.

म्हणूनच हाताने काम करण्याचे जे शिक्षण आहे, ते ही गाडी उत्तम देते. माणसांशी वागताना आपण शब्दांनी बरेच सावरून घेतो. गंजलेल्या नटाशी असे सावरून घेता येत नाही. पाना तिरका लागला तर नटाचे कोपरे झिजतात, मग आपला हेतू कितीही चांगला असो. घरातल्या मुलांनी हे एकदा तरी पाहावे असे आम्हांला मनापासून वाटते.

जाता जाता एक जुना वाद आठवतो. अथेन्सच्या लोकांनी थीसियसचे तीस वल्ह्यांचे जहाज जतन केले. कुजलेली फळी काढून नवी बसवत राहिले. सगळ्या फळ्या बदलल्यावर जहाज तेच की दुसरे, यावर तत्त्वज्ञ भांडत असत, असे प्लुटार्क लिहितो. जीपबाबत आरटीओने हा वाद केव्हाच मिटवला आहे : चासी नंबर तोच तर गाडी तीच. पाटे बदला, गिअरबॉक्स बदला, इंजिन बदलले तर तशी नोंद करा. आरसी बुकातली गाडी तीच राहते. पण मालकाची जबाबदारी चासीवर कोरलेली नसते. ती प्रत्येक नव्या भागाबरोबर नव्याने येते, आणि सर्वांत अधिक ती ब्रेकबरोबर येते.

जुन्या जीपच्या ब्रेकची रचना साधी आहे आणि त्या साधेपणातच धोका आहे. पेडल दाबले की मास्टर सिलिंडरमधून ब्रेक ऑइलचा दाब चारही चाकांकडे जातो. तेथील व्हील सिलिंडर लायनर ड्रमवर घासतात. चार चाकांना मिळून मार्ग एकच. एखाद्या चाकाकडची रबरी नळी फुटली की एका चाकाचा नव्हे, चारही चाकांचा ब्रेक जातो. हातब्रेक वेगळा असतो, पण तो मागच्या प्रॉपेलर शाफ्टवर पकड घेणारा. उभी गाडी धरून ठेवणे एवढेच त्याचे खरे काम. पुन्हा ब्रेक ऑइल हवेतले पाणी शोषून घेते. डॉट-३ प्रतीचे ताजे ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पाणी मुरलेले ऑइल १४० अंशांच्या आसपासही उकळू शकते. कसारा घाट उतरताना ड्रम तापतात, नळीत वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल पोकळीत दाबल्यासारखे खाली जाते. आपल्या दमट हवेत झाकण नीट न लावलेली बाटली पावसाळाभर फळीवर राहिली आणि तीच दिवाळीत वापरली, असे घडणे कठीण नाही. व्हील सिलिंडरची रबरे पेट्रोलने धुण्याची सवयही पुष्कळांना असते. धुतल्यावर ती स्वच्छ दिसतात आणि काही दिवसांनी फुगतात.

कार्ब्युरेटर चुकीचा जुळवला तर गाडी वाटेत बंद पडते आणि मालक पायी घरी येतो. त्याचे त्याला फळ मिळते. ब्रेकचे तसे नाही. मागच्या बाकावर शेजाऱ्याची मुले बसलेली असतात. समोरून सायकलवाला येत असतो, त्याला तर आपण कोणाच्या हातच्या दुरुस्तीवर विसंबून रस्त्यावर आलो आहोत याची कल्पनाही नसते. त्याने संमती दिलेली नाही. आमच्या मते प्रश्नाचा गाभा येथे आहे.

यावर कोणी म्हणेल, गॅरेजमध्ये तरी काय वेगळे होते? तेथे मिस्त्री चार गाड्यांत अडकलेला असतो आणि आपल्या गाडीचे चाक एखादे शाळकरी वयाचे पोर उघडते. आक्षेप खरा आहे. घरी काम करणाऱ्यापाशी वेळ असतो आणि आस्थाही असते. चांगल्या दुरुस्तीला या दोहोंची गरज असतेच. (त्या पोराने त्या वेळी वर्गात असायला हवे होते, हा निराळा आणि अधिक जड विषय आहे.) तरीही गॅरेजात एक गोष्ट घडू शकते, जी घरी सहसा घडत नाही : दुसऱ्याची नजर पडते. घरी काम करणारा आणि काम तपासणारा एकच. थकलेल्या माणसाला, संध्याकाळ झाली असताना, आपले काम पुरे झाले असेच वाटते. कौशल्य वाढले तरी ही अडचण कमी होत नाही, उलट वाढते, कारण कुशल माणसाला कोणी विचारत नाही.

म्हणून ब्रेक आणि स्टीअरिंगपुरते तरी आम्ही इतके म्हणतो की दुरुस्ती खुशाल घरी करावी, पण निर्वाळा मात्र दुसऱ्याकडून घ्यावा. हवा काढायला तसाही दुसरा माणूस लागतोच. एक पेडल दाबतो, दुसरा चाकामागचा निपल सोडतो. मग ओळखीच्या मिस्त्रीला बोलवावे, त्याचे पैसे द्यावेत आणि पेडल त्याला दाबून पाहू द्यावे. दाबलेले पेडल मिनिटभर तसेच घट्ट राहिले पाहिजे. पायाखाली हळूहळू खचले तर दाब कोठेतरी निसटत आहे. अशाने मिस्त्रीचा रोजगारही सर्वस्वी बुडत नाही.

जळक्या ऑइलचाही विचार त्याच अंगाने करायला हवा. ते कुंपणाच्या खांबांना वाळवीसाठी फासणे किंवा आवाराच्या कडेला ओतून देणे ही जुनी रीत. आवार आपले असले तरी जमिनीखालचे पाणी शेजाऱ्याच्या विहिरीतही जाते. डबा भरून गॅरेजवर नेऊन देणे एवढे त्याला उत्तर आहे. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असे. त्यांची धूळ फुंकून उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी, आणि पाने पुरवणाऱ्या मुलाला तेवढा वेळ दूर ठेवावे.

राहिली विक्री. ज्याने गाडी स्वतः उघडली आहे त्याला तिचे सारे दोष ठाऊक असतात. ‘मला कल्पना नव्हती’ ही पळवाट त्याला उरत नाही. कोणत्या तारखेला काय बदलले, कोणते सामान वापरले, कोणता सिलिंडर पुढच्या वर्षावर ढकलला, हे एका वहीत टिपून ठेवणारे मालक आम्ही पाहिले आहेत. गाडी विकताना ते आरसी बुकाबरोबर ती वहीही देतात. घेणारा ती वाचतो, ढकललेल्या सिलिंडरवर बोट ठेवतो आणि किंमत पाडून मागतो.